शिवरात्र झाली, आता बी पेरा

थंडी शिवरात्रीला 'शिव शिव' करत निघून जाते, असं आपल्याकडे म्हणतात. घरच्या भाजीसाठी ही खूण पंचांगापेक्षा उपयोगाची आहे. रात्रीचा गारठा गेला, की उन्हाळी भाज्यांचं बी उगवायला लागतं. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारलं, दुधी यांना ऊब लागते. जमीन गार असली, की यांचं बी मातीत नुसतं पडून राहतं आणि कुजतं. कोकणात हा मुहूर्त आधीच येऊन गेलेला असतो. देशावर मात्र शिवरात्र ते गुढीपाडवा हेच दिवस. त्यानंतरही लावता येतं, पण मग कोवळ्या रोपाला एप्रिलचं ऊन सोसावं लागतं.

नवखी माणसं पहिली हौस मेथी-कोथिंबिरीवर भागवतात. या दिवसांत ते नको. ऊन तापलं की मेथी जून होते, कोथिंबिरीला तुरे येतात आणि पानं हाती लागत नाहीत. मेथीच हवी असेल, तर पसरट ट्रेमध्ये वाळूमिश्रित मातीत दाट पेरा, सावलीत ठेवा आणि बोटभर झाली की उपटून खा. मुंबईच्या बाजारात जुड्या बांधून येते ती समुद्रमेथी म्हणजे हीच.

मग लावायचं काय? माझं ऐकाल तर पहिल्या वर्षी दोनच गोष्टी: लाल माठ आणि भेंडी.

माठाचं बी बारीक असतं, म्हणून मूठभर कोरड्या वाळूत मिसळून फेका आणि वर मातीचा पातळ थर द्या. मुंग्या बी ओढून नेतात, तेव्हा कडेनं राख भुरभुरा. महिन्याभरात भाजी तयार. उपटू नका; दोन बोटं बुडखा ठेवून कापा, म्हणजे पुन्हा फुटेल.

भेंडीचं बी रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल टोका. एका बारा इंची पिशवीत दोन बिया, त्यातलं जोमदार रोप ठेवायचं. साधारण 45 ते 50 दिवसांत पहिली भेंडी मिळते. तिथून पुढे एक दिवसाआड तोडायचीच, भाजीपुरती जमली नसली तरी. झाडावर भेंडी जून झाली, की झाडाला वाटतं आपलं काम संपलं, आणि फुलं कमी होतात. चार माणसांच्या घराला आठ-दहा झाडं हवीत. दोन कुंड्यांत भाजीची आशा धरू नका. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो पांढऱ्या माशीनं पसरवलेला विषाणू असतो. त्यावर औषध नाही, झाड उपटून टाका. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं 'परभणी क्रांती' हे वाण या रोगाला सहजी दाद देऊ नये म्हणून काढलेलं आहे. मिळालं तर तेच घ्या.

पाकिटातलं बी लाल, निळं किंवा हिरवं दिसलं, तर त्यावर औषध चोळलेलं असतं. स्वयंपाकाच्या वाटीत भिजवू नका, मुलांच्या हाती देऊ नका. चवळीसाठी मात्र पाकीट लागतच नाही, डब्यातली अख्खी चवळी चालते.

पाच-सहा तास थेट ऊन येत नसेल, तर भेंडीचा नाद सोडून अळू आणि पुदिन्यावर समाधान माना. गच्ची असेल तर आधी वजनाचा विचार करा. बारा इंची पिशवीत वीस लिटरच्या आसपास माती मावते; नुसती माती भरून पाणी दिलंत तर ती तीस किलोच्या घरात जाते. म्हणून माती तिसरा हिस्साच घ्या. बाकी शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट, वर मूठभर निंबोळी पेंड. पिशव्या गच्चीच्या मध्यावर न मांडता तुळईच्या वर किंवा कठड्याच्या कडेनं मांडा. खाली विटा द्या, म्हणजे पाणी साचून खालच्या बिऱ्हाडाशी भांडण होणार नाही.

हे जमलं की वेलांकडे वळा. वेलांच्या बाबतीत तक्रार एकच ऐकू येते: 'फुलं खूप येतात, फळ एक धरत नाही.' कारण साधं आहे. या वेलांना नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. पहिले काही दिवस नुसती नर फुलं येतात आणि गळतात, ते ठीकच. मादी फुलाच्या मागे देठाशी इवलंसं फळ असतं; तेही पिवळं पडून गळायला लागलं, तर परागकण पोचत नाहीत असं समजा. सहाव्या-सातव्या मजल्यावर मधमाशी क्वचितच येते. तेव्हा हे लग्न तुम्हीच लावायचं. ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे सारा आणि मधला केसर मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा.

इथे वेळ चुकली की सगळं चुकलं. काकडी, कारलं आणि घोसाळं सकाळी फुलतात. दोडका आणि दुधी संध्याकाळी. सकाळी उठून दोडक्याच्या मिटलेल्या फुलांशी खटपट करणारे पुष्कळ पाहिलेत. दोडक्यासाठी दिवेलागणीला गच्चीवर जा. फळ धरलं की त्यावर कागदी पिशवी चढवा, नाहीतर फळमाशी त्यात अंडी घालते. भेंडीला यातलं काही लागत नाही, म्हणून तर ती आधी सांगितली.

पाणी सकाळी द्या, तेही बोट मातीत खुपसून पाहिल्यावर. पिशवीवर पालापाचोळ्याचा जाड थर असला की पाणी निम्म्यावर येतं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी उत्तम. घरच्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी मात्र एकटं देऊ नका. त्यात क्षार असतात, साध्या पाण्यात मिसळून द्या. एप्रिलपासून दुपारच्या उन्हाला हिरवी जाळी बांधा.

पैसे वाचतील म्हणून हे करू नका. पहिल्या वर्षी पिशव्या, खत, बी धरून तुमची भेंडी बाजारापेक्षा महागच पडेल. पण तासाभरापूर्वी कापलेला माठ बाजारात कुणी विकत नाही.

एक ताकीद. दुधी, काकडी किंवा दोडका चिरण्याआधी कच्ची फोड जिभेला लावून पाहा. कडू लागली तर थुंकून टाका आणि ते फळ फेकून द्या. 'शिजवल्यावर जाईल' म्हणू नका. दुधीच्या कडवटपणानं माणसं गंभीर आजारी पडली आहेत, आणि शिजवून तो जात नाही. कडू दुधीचा रस तर घोटभरही नको.

पुढच्या वर्षाचं बी आत्ताच ठरवा. संकरित बियाण्याच्या झाडाचं बी धरून उपयोग नाही, पुढची पिढी तशी निघत नाही. सरळ वाणाचं किंवा गावठी धरा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री मिळाली ती असंच गावठी बी जपल्याबद्दल. सर्वांत निरोगी भेंडीच्या झाडावर दोन शेंगा तोडू नका, वाळून तडकू द्या. बी काढून सावलीत वाळवा, राख लावून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा आणि बाटलीवर वाणाचं नाव नि महिना लिहून ठेवा.