ओढ्याचा पहाटेचा प्राणवायू

ओढ्याच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू दिवसभर सारखा राहत नाही. ऊन वर आले की दगडांवरचे शेवाळ अन्न तयार करते आणि प्राणवायू सोडते. रात्री शेवाळ, मासे, खेकडे आणि कुजत्या पाल्यावरचे जिवाणू सगळे तो नुसता वापरतात. या जमाखर्चाला परिसंस्थेचा चयापचय म्हणतात. प्राणवायूच्या रात्रंदिवसाच्या चढउतारावरून तो काढण्याची रीत हॉवर्ड ओडम या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडली. हवेतून पाण्यात मिसळणारा वायू मात्र त्यातून वेगळा काढावा लागतो. खळाळात तो जास्त मिसळतो, डोहात कमी.

इंद्रायणी आणि पवनेला मिळणारे मावळातले डोंगरओढे मुळात खर्चिक. काठच्या उंबर-जांभळांची सावली ऊन अडवते आणि गळालेल्या पाल्यावर पाण्यातले जीव जगतात. तिथे जमेपेक्षा श्वसन जास्त असते. ऐकायला उलटे वाटेल, पण निरोगी ओढ्याची ती खूण आहे. झाडी तोडून भातखाचर काठाला भिडवले की हिशेब फिरतो. पाणी उघड्यावर येते, खाचरातून निसटलेल्या पाण्याबरोबर युरियातला नत्र आणि मातीला चिकटलेला स्फुरद उतरतो, शेवाळ माजते. दुपारी प्राणवायू भरपूर दिसतो आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात. दुपारी बाटलीत भरलेला नमुना म्हणूनच फसवा.

लोणावळ्याच्या आषाढसरी तळ खरवडून नेतात, त्यामुळे ऐन पावसात हा बिघाड दिसत नाही. कापणी उरकली, धार बारीक झाली, डोह तेवढे उरले की तो उघडा पडतो. आळंदीला इंद्रायणीवर दिसणारा फेस ही वेगळी गोष्ट. तो सांडपाण्याचा आणि कारखान्यांचा, त्याचे खापर भातकऱ्यावर फोडण्यात अर्थ नाही.

भातकऱ्याच्या हाती उपायही आहे. चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये हाताने चिखलात खोल खोचतात. पाण्यावर फेकलेल्या युरियाइतका नत्र त्यातून वाहून जात नाही. काठावर गिरिपुष्प लावले तर सावली आणि हिरवळीचे खत दोन्ही मिळते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेल्या वाणाला नदीचेच नाव आहे, इंद्रायणी. त्याच केंद्राने शेतकऱ्यांना सोबत घेऊन एक झाडीतला आणि एक उघडा असे दोन ओढे निवडावेत, दोन्हींत प्राणवायूमापक बसवावेत आणि दसऱ्यापासून डोह आटेपर्यंत रात्रीच्याही नोंदी ठेवाव्यात.