एक पिशवी, नव्याण्णव रुग्ण

बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या एका वाचकांनी या आठवड्यात पत्रातून माझी हजेरी घेतली आहे. ‘केमोसाठीच्या परळच्या वारीवर तुम्ही रडलात. आता सरकार जिल्हा रुग्णालयात केमो देऊ म्हणतंय, तर तुम्ही वॉर्डातल्या नळावर, म्हणजे स्वच्छतेवर, घसरलात. तुम्हाला हवंय तरी काय?’

मला दोन्ही हवंय, केमोही आणि नळही. २०२५ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं उघडण्याची घोषणा झाली, तेव्हा मलाही आनंदच झाला. कामायनी एक्स्प्रेसने कुर्ला गाठायचं, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का बघायचं, नाहीतर परळच्या टाटा रुग्णालयाच्या बाहेर फुटपाथ आहेच; हे ज्यांनी केलंय त्यांना घराजवळच्या केमोचं मोल मी काय सांगणार? माझी भीती वेगळी आहे, आणि तिचं नाव फ्रीमाँट.

फ्रीमाँट हे अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं जेमतेम पंचवीस हजार वस्तीचं गाव. आपल्या बुऱ्हाणपूरच्या एका कोपऱ्यात मावेल. ओमाहासारखं मोठं शहर फार लांब नाही, पण उलट्या होत असताना कोणाला प्रवास हवा असतो? गावातच कॅन्सरचं क्लिनिक निघालं, लोक सुखावले. आणि २००० ते २००१ या काळात तिथे उपचार घेणाऱ्या ९९ जणांना हिपॅटायटिस सी झाला. घरून आणलेला नव्हे, क्लिनिकने दिलेला.

दोष उंदरांचा नव्हता, गळत्या छताचा नव्हता, फरशीचाही नव्हता. नर्स रुग्णाच्या केमोसाठी बसवलेल्या पोर्टमधून सिरिंजने रक्त काढायची आणि लाइन धुवायला त्याच सिरिंजने सलाईनच्या पिशवीतून पाणी ओढायची. सिरिंज त्याच रुग्णाची, म्हणून तिला त्यात गैर वाटत नसावं. पण पिशवी सगळ्यांची होती. एका रुग्णाच्या रक्तातला विषाणू पिशवीत उतरला आणि पिशवीतून एकेकाच्या शिरेत गेला. कॅन्सरशी झुंजणाऱ्यांच्या यकृताला दुसरा आजार चिकटला. प्रकरण उघडकीस आलं २००२ मध्ये. क्लिनिकचे डॉक्टरसाहेब तोवर अमेरिका सोडून गेले होते. पुढे ते पाकिस्तानातल्या पंजाब प्रांताचे आरोग्यमंत्री झाले. बढती म्हणतात ती ही.

आता इंदूर बघा. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस एमवाय रुग्णालयाच्या नवजात कक्षात उंदरांनी दोन बाळांना कुरतडलं. दोन्ही बाळं गेली. कशाने गेली यावर वाद झाला. सलग सात वर्षं देशातलं सर्वांत स्वच्छ ठरलेलं शहर ते! निलंबनं झाली, चौकशा बसल्या, सगळा प्रदेश संतापला. संतापायलाच हवं होतं. पण उंदराचा फोटो निघतो. दुसऱ्यांदा पिशवीत शिरलेल्या सिरिंजचा निघत नाही. ज्याचा फोटो निघत नाही त्याला ना निलंबन, ना क्रमांक, ना स्वच्छ रुग्णालयाच्या ‘कायाकल्प’ पुरस्काराची ढाल. आपली स्वच्छता मोजणारे फरशीकडे बघतात आणि परत जातात, असं माझं जुनं मत आहे आणि ते बदलायला मला कोणी कारण दिलेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या शंभरातल्या सात जणांना तिथेच संसर्ग होतो, आपल्यासारख्या देशांत पंधरांना. त्यातही केमोवाल्याची गोष्ट न्यारी. सुई लागल्यावर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत त्याच्या पांढऱ्या पेशींचा काउंट पडतो. पू धरायलासुद्धा त्याच पेशी लागतात, त्या नसल्या की जखम चिघळल्याचं दिसतही नाही. ताप हीच काय ती खूण. शंभर-एकशेएक ताप चढला की तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. आणि हा ताप डे-केअरच्या वेळा पाळत नाही. तो रात्री दोनला येतो, घरी. नातेवाईक कॅज्युअल्टीत धावतात, तिथे मलेरिया-डेंग्यूच्या रांगेत बसतात, ‘व्हायरल आहे’ म्हणून पॅरासिटामॉल घेऊन परततात. केमो जिल्ह्यात आणताना हा रात्रीचा तासही आणावा लागेल. त्याची घोषणा मी तरी ऐकलेली नाही.

बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याचं नाव काढलं की तुम्ही पान उलटता हे मला माहीत आहे, तरी काढतो. १६१५ च्या सुमारास मुघल सरदार खानखानानच्या काळात सातपुड्याचं पाणी शहरात आणलं, तेव्हा जमिनीखालच्या बोगद्यावर थोड्याथोड्या अंतराने शंभराहून जास्त कुंड्या, म्हणजे उभ्या विहिरी, ठेवल्या. का? माणसाला आत उतरून बघता यावं म्हणूनही. न दिसणारं पाणी तपासायची सोय बांधकामातच होती. चारशे वर्षांनी आम्ही केंद्र बांधतो आणि तपासणीचं पुढच्या टप्प्यात बघू म्हणतो.

तर लालबागकर, केंद्र उघडेल तेव्हा फीत कापायला अवश्य जा, मीही येईन. टाळ्या वाजवून झाल्या की तीन प्रश्न विचारू. लाइन धुवायचं सलाईन प्रत्येक रुग्णाला वेगळं आहे का? संसर्गावर नजर ठेवणारी नर्स नेमली आहे का, की तेही काम ओपीडीतल्याच सिस्टरच्या गळ्यात? रात्री दोनला ताप आला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा? पाहुणे मंडपातून निघायच्या आत उत्तरं मिळाली, तर नळाचा विषय मी सोडला. नाहीतर पुढचा लेखही नळावरच.

— तापीकर