विश्लेषण : गुडघ्याभोवतीची दुखरी चरबी... वजन की लिपेडिमा?

गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांकडे गेलेल्या बाईला बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकायला मिळते, 'आधी वजन कमी करा.' सल्ला चुकीचा नसतो, पण काही जणींच्या बाबतीत तो अपुरा असतो. त्यांनी डाएट केलेले असते, काही किलो वजनही उतरलेले असते. चेहरा, गळा, कंबर बारीक होते. गुडघ्याच्या आतल्या बाजूची चरबीची गादी मात्र तशीच राहते. ती दाबली की दुखते. बसमध्ये सीटचा कोपरा लागला तरी दुसऱ्या दिवशी तिथे काळानिळा डाग उठतो.

या दुखण्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे. ते म्हणजे लिपेडिमा. तो ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. पायाला हात लावून तपासणारा डॉक्टर आणि नेमके चार-पाच प्रश्न एवढ्यावर बहुतेक निदान होते. पण गर्दीच्या ओपीडीत नेमके तेवढेच राहून जाते आणि त्याची किंमत रुग्ण अनेक वर्षे मोजत राहते.

लिपेडिमा म्हणजे काय?

लिपेडिमा हा त्वचेखालच्या चरबीचा दीर्घकाळ चालणारा आजार आहे. यात नितंब, मांड्या, गुडघे, पोटऱ्या आणि काही जणींच्या दंडांमध्ये चरबी वाढते. ती दोन्ही बाजूंना जवळपास सारखीच असते आणि दुखते. कमरेच्या वरचा भाग त्या मानाने सडपातळ राहू शकतो. कुर्ता 'मीडियम' लागतो आणि सलवार 'डबल एक्सएल', अशी तक्रार म्हणूनच ऐकू येते.

हा आजार जवळजवळ फक्त स्त्रियांमध्ये दिसतो. पाळी सुरू होण्याचा काळ, गरोदरपण आणि रजोनिवृत्ती या तीन टप्प्यांवर तो सुरू होतो किंवा वाढतो. त्यामुळे संप्रेरकांशी त्याचा संबंध असल्याचे मानले जाते. अनेकींच्या घरात आई, मावशी किंवा आजीचे पायही तसेच असतात. 'आमच्याकडे सगळ्यांचे पाय असेच' म्हणून विषय तिथेच मिटतो.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डॉ. एडगर ॲलन आणि डॉ. एडगर हाइन्स यांनी १९४० मध्ये या आजाराचे पहिले वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, त्यात लिपेडिमाला स्वतंत्र संकेतांक आहे. पहिले वर्णन आणि ही नोंद यांत आठ दशकांहून अधिक काळ गेला. आजच्या अनेक डॉक्टरांचे शिक्षण या नोंदीच्या आधी झाले आहे, हेही लक्षात घ्यावे लागते.

गुडघ्यापाशी तो का कळतो आणि का निसटतो?

लिपेडिमाच्या एका प्रकारात चरबी नितंबांपासून गुडघ्यापर्यंत येते आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला तिच्या घड्या पडतात. मांड्या आणि गुडघे एकमेकांवर घासतात. ते टाळण्यासाठी बाई पाय फाकवून चालू लागते. हळूहळू चाल बदलते, गुडघे आत वळू शकतात आणि सांध्यावर भार असमान पडतो. त्यातून झीज होण्याची शक्यता वाढते. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, एसटीची पायरी चढणे ही कामे अवघड होतात.

अशा वेळी बाई जाते हाडांच्या डॉक्टरांकडे. तिथे एक्स-रे निघतो. एक्स-रेत हाडे आणि सांध्यातील अंतर दिसते, पण त्वचेखालची चरबी दुखते का, हे त्यातून कळत नाही. झीज दिसली की निदान पूर्ण झाले, असे समजले जाते. झीज दिसली नाही तर वजनाकडे बोट दाखवले जाते. प्रत्यक्षात झीज आणि लिपेडिमा एकाच गुडघ्यात असू शकतात. दुखणे सांध्याच्या आत आहे की भोवतीच्या चरबीत, हे बोटांनी चाचपून पाहिले तर फरक लक्षात येऊ शकतो.

ओळखायचा कसा?

लिपेडिमासाठी रक्ताची कोणतीही चाचणी नाही. निदान लक्षणांवरून आणि तपासणीवरून होते. लक्ष देण्यासारख्या खुणा अशा :

• चरबी दोन्ही पायांवर सारखी असते. एकच पाय जाड असेल तर दुसरे कारण शोधावे लागते.

• पाऊल सुटते. चरबी घोट्यापर्यंत आली तरी पाऊल सडपातळ राहते आणि घोट्याशी पैंजण घट्ट बसल्यासारखी कडा दिसते.

• दाबल्यावर किंवा नुसत्या स्पर्शानेही दुखते. दिवसअखेर पाय जड होतात, ठणकतात.

• फारसे न लागताही काळेनिळे डाग उठतात.

• हाताला चरबी एकसारखी लागत नाही. आत साबुदाण्याएवढ्या, पुढे वाटाण्याएवढ्या गाठी जाणवतात.

• वजन उतरले तरी वरचे आणि खालचे अंग यांतील फरक तसाच राहतो.

यातील वेदना सर्वात महत्त्वाची. पाय जाड आहेत पण दुखत नाहीत, तर तो लिपेडिमा असेलच असे नाही. प्रत्येक जाड पायावर या आजाराचा शिक्का मारणे हीदेखील चूकच ठरेल.

डॉक्टर आणखी एक सोपी चाचणी करतात. पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी त्वचा चिमटीत उचलून पाहतात. ती सहज उचलली जाते, तेव्हा लसिकावाहिन्यांची सूज, म्हणजे लिम्फेडिमा असण्याची शक्यता कमी असते. लिपेडिमा खूप वाढल्यावर मात्र त्याला लिम्फेडिमाची जोड मिळू शकते.

सूज दुसऱ्या कशाची तर नाही?

महाराष्ट्रात पायाची सूज म्हटले की अनेकांना आधी हत्तीपाय आठवतो. पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत हत्तीरोगाविरुद्ध सामुदायिक औषधोपचार मोहिमा राबवाव्या लागल्या आहेत, त्यामुळे ही शंका रास्तच आहे. हत्तीरोग डासांमार्फत पसरणाऱ्या कृमींमुळे होतो. त्यात सूज बहुधा एका पायाला जास्त असते आणि पाऊलही सुजते. लिपेडिमा संसर्गजन्य नाही आणि त्यात पाऊल सुटते.

दोन्ही पावलांवर सूज असेल आणि बोट दाबल्यावर खळगा पडत असेल, तर हृदय, मूत्रपिंड, यकृत आणि थायरॉईडची तपासणी आवश्यक आहे. रक्तदाबावरच्या ॲम्लोडिपिनसारख्या गोळ्यांमुळेही घोटे सुजतात. गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

एकाच पायाला अचानक सूज आली, पोटरी गरम लागली, दुखू लागली तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. सोबत धाप लागत असेल तर क्षणही दवडू नये.

वजनाचा सल्ला कुठे कमी पडतो?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा लठ्ठ आहेत. लठ्ठपणा इतका सर्वदूर असताना लिपेडिमा त्याच्या आड लपणे सोपे आहे. त्यात 'बीएमआय' हा निकष चरबी कुठे आहे हे सांगत नाही. पोट सपाट आणि पाय जड असलेली बाई आणि पोट सुटलेला पुरुष यांचा बीएमआय सारखाच येऊ शकतो. कंबर आणि उंची यांचे गुणोत्तर अशा वेळी जास्त उपयोगी ठरते.

याचा अर्थ वजनाकडे दुर्लक्ष करावे असा नाही. लिपेडिमा आणि लठ्ठपणा अनेकदा सोबत असतात आणि वजन वाढले की लिपेडिमाचा त्रासही वाढतो. गुडघ्यांसाठी तर प्रत्येक किलो महत्त्वाचा आहे. आक्षेप सल्ल्याला नाही, त्यासोबत दिलेल्या आश्वासनाला आहे. 'वजन उतरले की पायही बारीक होतील' असे सांगितले जाते आणि तसे झाले नाही की 'तुम्ही मनापासून केले नाही' असा ठपका येतो. त्यानंतर उपाशी राहणे, महागडी पावडर, पुन्हा वजन वाढणे आणि स्वतःलाच दोष देणे हे चक्र सुरू होते. निदान वेळेत झाले असते तर यातले बरेच टळले असते.

उपचार कोणते?

लिपेडिमा मुळापासून बरा करणारे औषध नाही. वेदना कमी करणे, चालणे-फिरणे टिकवणे आणि आजार वाढू न देणे ही उपचारांची उद्दिष्टे आहेत.

पहिला उपाय म्हणजे दाब देणारे मोजे किंवा लेगिंग. ते मापानुसार हवेत. सैल मोज्यांचा उपयोग नाही आणि घट्ट मोजे गुडघ्यामागे गुंडाळी होऊन रुततात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात ते दिवसभर घालणे कठीण असते, म्हणून वेळ आणि दाब डॉक्टरांशी बोलून ठरवावेत. पायांच्या रोहिण्यांतील रक्तप्रवाह कमी असेल तर असे मोजे धोक्याचे ठरतात, त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी तपासणीशिवाय ते घालू नयेत.

दुसरा उपाय व्यायाम. पाण्यात चालणे किंवा पोहणे गुडघ्यांना सोसते आणि पाण्याचा दाबही पायांना मिळतो. जलतरण तलाव जवळ नसेल तर सायकल, सपाट रस्त्यावर चालणे आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम चालतील. लसिकाप्रवाह सुधारणारा हलक्या हाताचा मसाज प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडूनच करून घ्यावा. जोरात रगडण्याने डाग आणि वेदना वाढतात.

आहाराबाबत नॉर्वेतील एका चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ७० स्त्रियांना आठ आठवडे सारख्याच उष्मांकांचा आहार दिला होता. कमी कर्बोदके घेणाऱ्या गटात वेदना कमी झाल्या. चाचणी लहान आणि अल्पकालीन होती, त्यामुळे तिच्यावरून कायमचा नियम करता येत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा मात्र लिपेडिमात उपयोग होत नाही, कारण अडचण पाण्याची नसून चरबीची आहे. 'गुडघ्याची चरबी सात दिवसांत' अशा जाहिरातींतील क्रीम आणि थरथरणाऱ्या पट्ट्यांवर पैसे घालवू नयेत.

लायपोसक्शनचे काय?

लिपेडिमात साचलेली चरबी प्रत्यक्ष काढणारा उपाय म्हणजे लायपोसक्शन. त्याबाबत जगात एकमत नाही. इंग्लंडमधील 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये पुरावे अपुरे असल्याचे सांगून ते केवळ संशोधनाचा भाग म्हणून करावे, असे म्हटले. जर्मनीत २०२० पासून तिसऱ्या टप्प्यातील रुग्णांचा खर्च सार्वजनिक आरोग्य विमा उचलू लागला. पुढे तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष हाती आल्यावर २०२५ मध्ये तेथे सर्व टप्प्यांसाठी ही सोय करण्याचा निर्णय झाला. त्यालाही अटी आहेत. त्यातली एक म्हणजे आधी सहा महिने मोजे, व्यायाम आदी उपचार करूनही पुरेसा आराम पडलेला नसावा.

शस्त्रक्रियेत गुठळ्या होणे, संसर्ग, शरीरातील द्रवाचे संतुलन बिघडणे असे धोके आहेत. ती अनेक टप्प्यांत करावी लागू शकते आणि नंतरही मोजे लागू शकतात. म्हणून ब्यूटी क्लिनिकच्या 'पॅकेज'ला भुलू नये. लिपेडिमाचा अनुभव असलेले प्लास्टिक सर्जन आणि सुसज्ज रुग्णालय या किमान अटी आहेत.

विमा आणि कागदावरचे नाव

भारतात विमा नियामक 'आयआरडीएआय'ने ठरवलेल्या प्रमाणित अपवादांत लठ्ठपणावरील उपचार आणि सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया हे दोन अपवाद आहेत. लिपेडिमाचा दावा या दोहोंपैकी एकात ढकलला जाण्याची भीती आहे. दुसऱ्या अपवादात आरोग्याचा थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी आवश्यक उपचारांना सूट आहे, मात्र डॉक्टरांचे प्रमाणपत्र हवे. वर्षानुवर्षे दुखणारा, चाल बिघडवणारा लिपेडिमा 'तातडीच्या' व्याख्येत बसवणे कठीण आहे. जर्मनीने स्पष्ट निकष लावून हा पेच सोडवला. भारतीय नियामकानेही कोणत्या लक्षणांत आणि कोणते उपचार करून झाल्यावर खर्च मिळेल, हे ठरवायला हवे.

पण दावा पुढची गोष्ट. आधी आजाराचे नाव केस पेपरवर यायला हवे. ते नसेल तर ना फिजिओथेरपी नीट होते, ना किती स्त्रियांना हा त्रास आहे याची मोजणी होते. गुडघेदुखी घेऊन आलेल्या प्रत्येक बाईच्या मांडी-पोटरीला हात लावून पाहावे, डाग आणि घरच्यांच्या पायांविषयी विचारावे, एवढा बदल अस्थिरोग आणि स्त्रीरोगाच्या ओपीडीत उद्यापासून होऊ शकतो. त्याला निधी लागत नाही, शासन निर्णयही लागत नाही.

रुग्णांनीही तयारीने जावे. वजन कधी किती उतरले आणि तेव्हा पायांचे काय झाले, याची नोंद न्यावी. डागांचे फोटो मोबाइलमध्ये असू द्यावेत. 'हा लिपेडिमा असू शकतो का?' असे थेट विचारावे. उत्तर 'नाही' आले तर कारण विचारावे, आणि पायाला हात न लावताच ते दिले असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्यावे.