कुंपणाबाहेरचे वाचक

फ्लोरिडातील मॅजिक किंगडम या उद्यानातले टॉम सॉयर बेट ६ जुलै २०२५ रोजी लोकांसाठी शेवटचे उघडे होते. १९७३ पासून मुले तराफ्यावरून त्या बेटावर जात, गुहांत शिरत, लाकडी किल्ल्यावर चढत. बेटाला वळसा घालणारी नदी आणि त्या नदीतून फिरणारी वाफेची बोट यांचाही तोच शेवटचा दिवस. आता तेथे 'कार्स' या पिक्सारच्या चित्रपटांवर बेतलेला नवा विभाग व्हायचा आहे. मार्क ट्वेनच्या १८७६ सालच्या कादंबरीतल्या मुलाची जागा बोलक्या मोटारगाड्या घेणार, असे थोडक्यात म्हणता येईल.

ऑगस्ट २०२४ मध्ये डिस्ने कंपनीने या नव्या विभागाची घोषणा केली. त्यासाठी नदी आणि बेट या दोहोंवर पाणी सोडावे लागणार, हे त्यानंतर काही दिवसांनी स्पष्ट झाले. मधल्या काळात या उद्यानांचे चाहते कल्पनाचित्र आणि उद्यानाचा नकाशा शेजारी शेजारी ठेवून तर्क लढवीत होते. तर्क लढवणे हा या मंडळींचा जुना छंद आहे. कोणती राइड येणार, कोणती जाणार, हा त्यांचा एक विषय. आणि कंपनीच्या प्रमुखपदी कोण येणार, कोण जाणार, हा दुसरा. यांतले बहुतेक जण प्रौढ, मिळवते आणि गंभीर असतात. मराठीच्या अध्यापकांनी त्यांच्याविषयी लिहिण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, पहिल्या विषयावर बोलताना ही माणसे उत्तम वाचक असतात आणि दुसऱ्या विषयावर येताच त्यांचे वाचन बिघडते. हे असे का होते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाच्या जिव्हाळ्याचाच म्हटला पाहिजे.

आधी त्यांच्या वाचनाच्या गुणाविषयी. या परंपरेचे एक मूळ १९६५ सालात सापडते. त्या सुमारास ओरलँडोजवळ कोणीतरी निरनिराळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप जमीन खरेदी करीत होते. सुमारे २७,००० एकर जमीन जेमतेम पन्नास लाख डॉलरांत गोळा झाली होती. गिऱ्हाईक कोण, याविषयी गावात नाना वदंता होत्या. एमिली बव्हार ही 'ओरलँडो सेंटिनेल'ची पत्रकार कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड पाहण्यास गेली असता तिने वॉल्ट डिस्ने यांनाच सरळ प्रश्न केला. त्यांनी इन्कार केला. पण तो करताना फ्लोरिडाच्या हवामानाविषयी ते इतके तपशिलाने बोलले की तिने त्यातून नेमके उलटे अनुमान काढले. ज्याला या प्रदेशात रस नाही, त्याला तिथली एवढी माहिती कशी? २४ ऑक्टोबर १९६५ च्या अंकात तिच्या वृत्तपत्राने ठळक मथळ्यात डिस्नेचे नाव छापले. दुसऱ्याच दिवशी राज्याच्या गव्हर्नरांनी दुजोरा दिला. उच्चारलेल्या शब्दापेक्षा त्याच्या अवाजवी नेमकेपणावर लक्ष ठेवणे, ही व्यंजनेची जाण आहे. आमच्या वर्गात ती शिकवायला आम्हांला अर्धे सत्र लागते.

आजचे चाहते याच मार्गाने जातात. दक्षिण फ्लोरिडात मोठे बांधकाम करायचे तर पाण्याच्या निचऱ्यासाठी जलव्यवस्थापन विभागाची परवानगी लागते, आणि तो अर्ज सार्वजनिक असतो. चाहते तो अर्ज वाचतात; कोणते तळे बुजणार आहे, भिंत कोणत्या रेषेवर येणार आहे, हे पाहतात. तळ्याची रेषा सरकली की त्यावरून नव्या इमारतीचा आकार ठरवतात. ॲनिमल किंगडम हे उद्यान २२ एप्रिल १९९८ रोजी उघडले तेव्हा त्याच्या बोधचिन्हात हत्ती-सिंहांच्या रांगेत एक ड्रॅगनही होता. उद्यानात ड्रॅगनचा विभाग मात्र नव्हता. काल्पनिक प्राण्यांचा एक विभाग योजिला होता, तो कधी बांधलाच गेला नाही. त्याची खूण चिन्हात राहिली. त्या जागी पुढे, २०१७ च्या मे महिन्यात, 'अवतार' चित्रपटावरचा 'पँडोरा' विभाग आला. एखाद्या पोथीत संदर्भ न लागणारा शब्द आढळावा आणि त्यावरून गळालेल्या पानाचा माग काढावा, तशी ही रीत आहे. पाठचिकित्सा म्हणतात ती याहून फार निराळी नाही.

पाठचिकित्सेचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तरी जुनी प्रत कोणाच्या तरी कपाटात राहते. राइड पाडली की तिची प्रत उरत नाही. उरते ती पाहणाऱ्यांची आठवण. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना विचारून विचारून जमविल्या. पुढे मूळ प्रत हरवल्यावर अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली आणि म्हणूनच 'लीळाचरित्रा'चे पाठ अनेक झाले. धर्मग्रंथाची आणि करमणुकीची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. पण जे पुन्हा पाहता येणार नाही ते सामूहिक स्मरणातून जपण्याची धडपड दोन्हीकडे ओळखू येते. पाडलेल्या राइडचा वळणावळणाचा क्रम, दिव्यांचा रंग, पार्श्वसंगीत, रांगेतल्या भिंतीवरची चित्रे यांची नोंद चाहते ठेवतात. त्या नोंदींतही पाठभेद असतात आणि त्यांवर कडाक्याचे वाद होतात.

'मिस्टर टोड्‌स वाइल्ड राइड'ची हकिगत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. केनेथ ग्रॅहमच्या १९०८ सालच्या 'द विंड इन द विलोज' या पुस्तकातला हा बढाईखोर, मोटारवेडा बेडूक. ही राइड जाणार अशी बातमी १९९७ च्या उत्तरार्धात फुटली. चाहत्यांनी हिरवे सदरे घालून उद्यानात धरणे धरले, पत्रे पाठवली, पत्रके वाटली. ७ सप्टेंबर १९९८ रोजी फ्लोरिडातली ती राइड बंद झालीच. पुढच्या वर्षी तेथे 'विनी द पू' आला. कॅलिफोर्नियातली टोडची राइड मात्र १९५५ पासून आजतागायत चालू आहे. पूच्या त्या नव्या राइडमध्ये, घुबडाच्या घरात, एक छोटेसे चित्र रंगवलेले आहे: टोड महाशय घराचे खरेदीखत घुबडाच्या हाती देत आहेत. हे चित्र चाहत्यांनी शोधून काढले आणि ते एकमेकांना दाखवीत राहिले. ज्या कारागिरांना राइड वाचवता आली नाही त्यांनी निदान हस्तांतराची नोंद ठेवली, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

चाहत्यांची बाजू नेहमी न्यायाची असते, असा याचा अर्थ नव्हे. 'स्प्लॅश माउंटन' या पाण्याच्या राइडचे उदाहरण घ्यावे. तिच्या मुळाशी 'साँग ऑफ द साउथ' हा १९४६ चा चित्रपट होता. अमेरिकेच्या दक्षिणेतील मळ्यांवर गुलामगिरीनंतर राहणाऱ्या कृष्णवर्णीयांचे जे गोडगुलाबी चित्र त्यात आहे, त्यावर तो प्रदर्शित झाला तेव्हापासून टीका होत आली. कंपनीनेही तो तेथे घरी पाहण्यासाठी कधी विकला नाही. २०२३ मध्ये ही राइड अमेरिकेतील दोन्ही उद्यानांत बंद झाली आणि २०२४ मध्ये तेथे टियाना या कृष्णवर्णीय नायिकेची कथा आली. काही चाहत्यांनी याला विरोध करताना आपल्या बालपणाचा हवाला दिला. परंतु एकाचे निर्व्याज बालपण दुसऱ्याच्या अवमानावर उभे असू शकते. आठवण हा पुरावा आहे. ती निवाडा नव्हे. चांगला वाचक आपल्या आवडीचीही उलटतपासणी करतो. ती करणारे चाहते होते, न करणारेही होते. साहित्याच्या वर्गात याहून वेगळे चित्र दिसते, असे आम्ही म्हणणार नाही.

आता दुसरा विषय. कंपनीच्या प्रमुखाविषयी बोलताना हेच सूक्ष्म वाचक एकदम बखरकार होतात. त्यांची बखर ठरलेली असते. संस्थापक वॉल्ट १५ डिसेंबर १९६६ रोजी वारले. थोरल्या भावाने निवृत्ती पुढे ढकलून १ ऑक्टोबर १९७१ रोजी फ्लोरिडाचे उद्यान उघडले आणि त्याच डिसेंबरात देह ठेवला. मग पडता काळ. १९८४ मध्ये मायकेल आयस्नर आणि फ्रँक वेल्स ही जोडी आली व भरभराट झाली. १९९४ मध्ये वेल्स हेलिकॉप्टर अपघातात गेले आणि एकटे पडलेले आयस्नर बिघडले. पुढे बॉब आयगर हे सद्गुणी राजे, बॉब चापेक हे कृपण राजे, आणि २० नोव्हेंबर २०२२ रोजी आयगर यांचे वनवासातून पुनरागमन. कथा सुबक आहे. राजा बदलला की काळ बदलतो, ही समजूत आपल्याही रक्तात आहे; म्हणून ती ऐकायला बरी वाटते.

या कथेत तथ्य मुळीच नाही, असे नाही. वॉल्ट यांचे पुतणे रॉय ई. डिस्ने यांनी नोव्हेंबर २००३ मध्ये संचालकपद सोडले आणि 'सेव्ह डिस्ने' ही मोहीम उघडली. ३ मार्च २००४ रोजी फिलाडेल्फियातील भागधारकांच्या सभेत सुमारे ४३ टक्के मते आयस्नर यांना नाकारली गेली. त्याच दिवशी त्यांचे अध्यक्षपद गेले आणि पुढच्या वर्षी तेही गेले. अनेक चाहत्यांना तो आपला विजय वाटला. पण ती मते कोणाची होती? त्यांत कॅलिफोर्नियाच्या सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतन निधीसारख्या बड्या भागधारकांचे वजन होते, आणि त्यांचा आक्षेप कंपनीच्या कारभारावर होता. १९९८ मध्ये टोडसाठी धरणे धरणाऱ्यांपाशी प्रेम पुष्कळ होते, शेअर नव्हते. चाहत्यांचा आवाज भांडवलाच्या आवाजाशी जुळला तेव्हाच तो ऐकू गेला.

शिवाय राजे बदलल्याने जे बदलायला हवे होते ते बदलले का? पूर्वी रांग टाळण्याची सोय १९९९ पासून विनामूल्य होती. चापेक यांच्या काळात, ऑक्टोबर २०२१ मध्ये, फ्लोरिडात तिच्याजागी पैसे मोजून घ्यायची सोय आली आणि दोष चापेक यांच्या माथी बसला. आयगर परतले, २०२४ मध्ये त्या सोयीचे नाव बदलले, पैसे मोजणे राहिले. टॉम सॉयरचे बेटही चापेक यांच्या नव्हे, आयगर यांच्याच कारकिर्दीत बंद झाले. उत्तराधिकाऱ्याचे नाव २०२६ च्या आरंभी सांगू, असे संचालक मंडळाने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले, तेव्हा पुढचे सव्वा वर्ष चाहत्यांनी इच्छुकांच्या स्वभावाची, हसण्याची, उद्यानातल्या फेऱ्यांची चिकित्सा करण्यात घालवले. त्यांनीच जलविभागाचे अर्ज ज्या बारकाईने वाचले होते, ती बारकाई येथे कोठे गेली?

आमच्या मते ती चुकीच्या प्रश्नावर खर्च झाली. प्रमुख कोण, यापेक्षा गोष्ट कोणाची, हा प्रश्न अधिक काही सांगतो. ग्रॅहमचा टोड काय, ट्वेनचा टॉम काय, मूळ पुस्तके अमेरिकेत केव्हाच सर्वांची झालेली आहेत. टोडचा चित्रपटातला चेहरा कंपनीचा असेल, पण टोडची गोष्ट कोणीही सांगू शकतो. पूचे हक्क मात्र कंपनीने १९६१ मध्ये मिळवले होते आणि टोड गेला तेव्हा ते तिच्याकडेच होते. 'कार्स' तर २००६ मध्ये पिक्सार विकत घेतल्यापासून सर्वस्वी तिचाच. गेल्या वीस वर्षांत कंपनीने पिक्सार, मार्व्हल, लुकासफिल्म अशी कथांची भांडारे खरेदी केली. उद्याने ही त्या भांडारांची दालने बनत गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने दहा वर्षांत उद्याने व सफरींच्या व्यवसायात सुमारे ६० अब्ज डॉलर घालण्याचे जाहीर केले. एवढा पैसा सर्वांच्या मालकीच्या गोष्टीवर कोण लावील? टॉम सॉयर कोणाच्याच मालकीचा नाही. म्हणूनच त्याच्या बेटाला वाली नव्हता, असा आमचा तर्क आहे. तो खरा असेल तर खुर्चीवर कोणीही बसो, नकाशा एकाच दिशेने सरकत राहणार.

मराठी समीक्षेला हा दोष परका नाही. कृती बाजूला ठेवून कर्त्याच्या चरित्रात उत्तरे शोधण्याची खोड आपल्याला आहे. लेखक असा वागला म्हणून कादंबरी अशी झाली, संपादक बदलला म्हणून नियतकालिक उतरले, असे बोलणे सोपे असते. कागदाचा भाव, हक्कांचे करार, छापणाऱ्याचे गणित यांच्याकडे बघणे कंटाळवाणे असते. माणसाची गोष्ट सांगता येते, कराराची सांगता येत नाही. म्हणून आपण माणसाकडे वळतो आणि मूळ कारण सुटून जाते.

म्हणून या चाहत्यांना हसण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. जी कृती आपली नाही, जिच्यावर आपला हक्क नाही, जी उद्या न विचारता पुसली जाईल, तिच्यावर इतके लक्ष देणे ही साधी गोष्ट नव्हे. सहृदय म्हणतात तो यापेक्षा निराळा कोण असतो? कृती टिकवण्याचे सामर्थ्य सहृदयापाशी नसते. ती काय होती आणि का गेली, हे नीट सांगण्याचे काम मात्र तो करू शकतो. त्यांतले पहिले काम हे चाहते उत्तम करतात. दुसऱ्यासाठी त्यांनी राजवंशाची बखर मिटून ठेवावी आणि हक्कांचे करारही जलविभागाच्या अर्जांसारखेच, ओळ न ओळ, वाचावेत. आमच्या विद्यार्थ्यांनाही आमचे सांगणे याहून वेगळे नाही.