खतावणीबाहेरची माणसे

पेढीच्या रोजमेळात पैशाची नोंद चोख असते. माल कोणाकडून आला, कोणाला गेला, किती उधारी राहिली, हे पन्नास वर्षांनंतरही सांगता येते. मात्र तो माल पाठीवरून उतरविणारा हमाल किंवा दुपारी चहा आणणारा पोऱ्या यांचे नाव कोणत्याही खात्यावर पडत नाही. ‘हमाली खर्च’ म्हणून रक्कम लिहिली जाते, माणूस नाही. शहर बदलले की ही माणसे नाहीशी होतात. त्यांची काही नोंद ठेवली ती चित्रकारांनी.

मुंबईपुरते पाहता या संदर्भात महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये सर ज. जी. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून आले आणि तेथेच अध्यापन करून १९३१ मध्ये निवृत्त झाले. पौराणिक व ऐतिहासिक चित्रांनी त्यांना लौकिक दिला, तरी रस्त्यावरच्या माणसाकडेही त्यांनी तितक्याच आस्थेने पाहिले. मुंबईतील नित्याच्या जीवनावरील त्यांची रंगीत पोस्टकार्डे घरोघर गेली. तत्कालीन पोलीस आयुक्त एडवर्ड्स यांच्या मुंबईच्या गल्लीबोळांवरील १९१२ च्या पुस्तकातही त्यांची चित्रे आहेत.

तो काळ उलथापालथीचा होता. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले गेले. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली आणि घोड्यांच्या ट्रामचे दिवस सरले. धुरंधरांच्या डोळ्यांदेखत जुनी मुंबई अशी मागे पडत होती.

रस्त्याच्या चित्रणास जलरंग विशेष अनुकूल ठरतात. सामान थोडे, रंग लवकर वाळतो आणि चित्रकार पदपथावर बसूनही काम करू शकतो. हा रंग पारदर्शक असल्याने पांढरेपणासाठी कागदच कोरा राखावा लागतो. हमालाच्या मुंडाशावरील ऊन कोठे सोडायचे, हे कुंचला टेकविण्यापूर्वीच ठरवावे लागते. वहीप्रमाणेच येथेही खाडाखोड शोभत नाही. अशी चित्रे थेट उन्हात टांगल्यास फिकी पडतात, एवढे पथ्य मात्र पाळावे.

आज तेच स्थित्यंतर पुन्हा घडत आहे. मशीद बंदराचा घाऊक धान्यबाजार वाशीला गेला. जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत. अनेक पेढ्यांत संस्थापकांची तसबीर हार घालून जपलेली असते. पण ज्याच्या खांद्यावर तो व्यापार चाळीस वर्षे चालला, त्याचे साधे रेखाटनही नसते. घरातील एखाद्या मुलाला किंवा सुनेला चित्रकलेची आवड असेल, तर इमारत पडण्यापूर्वी दोन रविवार तेथे बसून हातगाडी, तराजू, जिना आणि ती माणसे कागदावर उतरविता येतील. हात तयार नसला तरी हरकत नाही. चित्रासाठी बसण्यापूर्वी त्या माणसाची संमती अवश्य घ्यावी.

आणखी एक गोष्ट करावी. त्या काळच्या अशा चित्रांखाली बहुधा धंदा किंवा जात लिहिलेली आढळते. समोर उभ्या असलेल्या माणसाचे नाव क्वचितच. खतावणीत राहिलेली उणीव चित्रातही तशीच राहिली. ती आता भरून काढणे आपल्या हाती आहे. चित्राच्या मागे त्या माणसाचे नाव, गाव आणि तो पेढीवर कोणत्या वर्षी आला ते लिहावे. त्याला विचारूनच लिहावे. कारण अनेक घरांत ही माहिती दुसऱ्या कोणालाच नसते.