तलावावरचा नारळ

वैशाख लागला म्हणजे आमच्या नाकास आजही एक वास येतो. ओला दगड, शेवाळ आणि पाण्यात टाकलेली जंतुनाशक पूड यांचा तो मिश्र वास आमच्या लहानपणीच्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावाचा आहे. पुण्यासारख्या नदीकाठच्या गावी पोहण्यास निराळा तलाव कशास हवा, असे कोणी विचारील. आमच्या वडिलांच्या पिढीस तो नकोच होता. ती मंडळी मुठेच्या पात्रातच पोहली. परंतु १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि नदीकाठच्या पेठांची दैना झाली. आम्ही तेव्हा तीन वर्षांचे होतो. त्यानंतर आमच्या घरात नदीचे नाव हलक्या आवाजातच निघे. मुलास पोहता मात्र आलेच पाहिजे, असा वडिलांचा आग्रह; म्हणून १९६९ च्या उन्हाळी सुटीत, वयाच्या अकराव्या वर्षी, आमची रवानगी तलावावर झाली.

हल्लीच्या तलावांत पाणी यंत्राने सतत गाळले जाते. आमच्या तलावाची रीत जुनी होती. तलाव भरावयाचा, आठवडाभर वापरावयाचा आणि मग रिकामा करून घासावयाचा. त्यामुळे ताज्या पाण्याच्या दिवशी तळाची फरशी दिसे, आणि आठवडा संपता संपता स्वतःचे गुडघेही दिसत नसत. नवशिक्याच्या पाठीस पत्र्याचा बंद डबा बांधीत. रिकामा डबा जेवढे पाणी बाजूस सारतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर त्यास वर ढकलतो, हा आर्किमिडीजचा सिद्धान्त आम्ही पुढे वर्गात कित्येक वर्षे शिकविला. आमच्या पाठीस तो आधीच कळला होता. पाण्याबाहेर आल्यावर तापलेल्या फरशीवर एका पायावर उड्या मारून कानांतले पाणी काढावयाचे, चड्डी पिळावयाची आणि फाटकापाशी फुटाणे घ्यावयाचे. त्या फुटाण्यांची रुची पुढे कोणत्याही पक्वान्नास आली नाही.

तिसऱ्या आठवड्यात मास्तरांनी डबा सोडला. दोन दिवस आम्ही काठाकाठाने हातपाय मारले, आणि तिसऱ्या दिवशी इतर मुलांच्या ईर्षेने खोल बाजूस सूर मारला. वर आलो तो काठ दूर दिसला, धीर सुटला आणि पाय थांबले. पुढचे एवढेच आठवते की, कोणी तरी आमचे केस घट्ट धरून आम्हांस पायरीपर्यंत ओढीत आणले. मास्तर त्या वेळी दुसऱ्या टोकास लहान मुलांत होते. आम्हांस काढणारा आमच्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा असा एक सडसडीत मुलगा होता.

"पाय मारायचे सोडलेस कशाला? पाणी काय खातंय का तुला?" एवढेच तो म्हणाला आणि हसला.

आम्ही त्याचे नाव विचारले. त्याने नाव सांगितले आणि आडनावही सांगितले. आडनावावरून तो कोणत्या वस्तीतला हे आम्हांस तत्काळ उमगले. अकरा वर्षांच्या मुलास हे इतके अचूक उमगावे, आणि ते शिकविणारा धडा मात्र आमच्या एकाही पुस्तकात नसावा!

आमची आजी अतिशय प्रेमळ; परंतु सोवळ्याच्या बाबतीत कडक. तलावावरून आल्यावर मागील दारी पुन्हा स्नान केल्याखेरीज ती आम्हांस आत घेत नसे. "गावाचं पाणी अंगावर घेऊन स्वयंपाकघरात यायचं नाही हो," हे तिचे रोजचे वाक्य. त्या दिवशी आमचे लाल डोळे पाहून तिने सारे खोदून काढले.

"कोणी रे काढलं तुला?"

"मास्तरांनी," आम्ही म्हणालो.

हे उत्तर देण्यास आम्हांस क्षणही लागला नाही. खरे सांगितले तर तलाव बंद होईल, ही भीती होतीच. परंतु त्याखाली आणखी एक गोष्ट होती, ती कबूल करण्यास आज साठी उलटली आहे: त्याने आम्हांस हात लावला, हे घरात सांगण्याची आम्हांस लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आजीने मास्तरांसाठी आमच्या हाती नारळ दिला. तो घेऊन आम्ही तलावावर गेलो तेव्हा तो मुलगा पायरीवरच बसला होता. आम्ही त्याच्यावरून पुढे गेलो आणि "घरून दिलाय" एवढे बोलून नारळ मास्तरांपुढे ठेविला. मास्तरांनी कारण विचारले नाही. त्यांनी तो तेथेच दगडावर फोडला आणि सर्व मुलांस तुकडे वाटले. त्यालाही एक तुकडा मिळाला. तो त्याने खाल्ला, हात चड्डीस पुसले आणि पाण्यात सूर मारला.

आम्ही पुढे शिक्षक झालो. महाडच्या चवदार तळ्याचा धडा आम्ही दर वर्षी शिकवीत असू. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करावे, असा रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार १९२४ साली तळे खुले केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले, तेव्हा दंगल झाली आणि मागाहून १०८ घागरींनी तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. उच्च न्यायालयाचा निकाल लागण्यास १७ मार्च १९३७ उजाडावे लागले. पुढे २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख झाला.

ही सनावळी आम्हांस तोंडपाठ होती. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, कायदा झाल्यावर मग मिटलं का सगळं?" आम्ही घटनेचा अनुच्छेद पुन्हा एकदा फळ्यावर लिहिला आणि तास संपविला. आमच्या तलावाचे दार त्या उन्हाळ्यापूर्वीच एकोणीस वर्षे कायद्याने उघडे होते. त्याच दारातून तो मुलगा आत आला होता, म्हणून आम्ही वाचलो. बंद होते ते आमचे तोंड. हे त्या विद्यार्थ्यास सांगावयास हवे होते, ते आम्ही सांगितले नाही.

हल्ली सुटीत घरोघरची मुले पोहावयास जातात, याचा आम्हांस आनंद वाटतो. त्यांनी घरी आल्यावर कान कोरडे केले की नाही, हे आपण पाहतोच. त्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी: तलावावर कोणाशी मैत्री झाली, कोणी हात दिला, हे मूल आपल्यापाशी आडनावासकट मोकळेपणाने सांगते, की सांगण्याआधी आपल्या तोंडाकडे पाहते? कायदा तलावाच्या फाटकापर्यंत येतो. मागील दारापासून आत काय बोलावयाचे, हे मुले आपल्याकडे पाहूनच ठरवितात.

तो मुलगा पुढील उन्हाळ्यात तलावावर दिसला नाही आणि आम्ही त्याचा शोधही केला नाही. आजी १९७८ साली गेली. तिला खरे कळते तर ती कदाचित रागावली असती. कदाचित दुसरा नारळ काढून "हा त्याच्या हाती दे" असेही म्हणाली असती. ती काय करती, हे पाहण्याची संधी आम्हीच तिला दिली नाही.