मनोऱ्यांचे वार्धक्य आणि आपली तजवीज

मुंबई शहरात गेल्या पंचवीस वर्षांत जे गगनचुंबी निवासी मनोरे उभे राहिले, त्यांच्या उंचीविषयी, त्यांतील सदनिकांच्या किमतींविषयी आणि पाणी, रस्ते व मलनिस्सारण यांवर त्यांनी टाकलेल्या भाराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु हे मनोरे कधी ना कधी जुने होणार आहेत आणि त्या वेळी त्यांचे काय करावयाचे, या प्रश्नाचा गंभीर विचार ना ते बांधणाऱ्यांनी केलेला दिसतो, ना त्यांत राहावयास गेलेल्यांनी, ना त्यांच्या नकाशांना मंजुरी देणाऱ्या सरकारी दप्तराने. "पुढे पुनर्विकास होईलच" असे एक समाधानकारक उत्तर प्रत्येकाच्या मनात तयार असते. ते उत्तर चार मजली इमारतीच्या बाबतीत पुष्कळ अंशी खरे ठरले. चाळीस मजली मनोऱ्याच्या बाबतीत ते खरे ठरणार नाही, आणि हे जितक्या लवकर आपण ध्यानी घेऊ, तितके आपले पुढचे संकट सौम्य होईल.

जुन्या मुंबईचा इतिहास या बाबतीत पुरेसा बोलका आहे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. तुटपुंज्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालकाने इमारतीकडे पाठ फिरवली, आणि पागडी देऊन राहणाऱ्या भाडेकरूने ती आपल्या मालकीची नाही म्हणून हात आखडता घेतला. अखेर 1969 मध्ये कायदा करून दुरुस्ती उपकर बसवावा लागला, आणि सुमारे एकोणीस हजारांहून अधिक इमारतींचा भार सरकारच्या दुरुस्ती मंडळाकडे आला. तरीही टेकूंवर तोललेल्या इमारती दर पावसाळ्यात कोसळतच राहिल्या. 31 ऑगस्ट 2017 रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत पडली आणि तेहतीस माणसे गेली. जुलै 2019 मध्ये डोंगरीतील केसरबाई इमारतीचा भाग पडून पुन्हा तेच दृश्य दिसले. या इमारती केवळ वयामुळे पडल्या असे म्हणणे अर्धसत्य ठरेल, कारण त्यांच्याहून जुनी आणि आजही धडधाकट असलेली बांधकामे याच शहरात आहेत. जेथे जबाबदारी एकाची, पैसा दुसऱ्याचा आणि जीव तिसऱ्याचा अशी वाटणी होते, तेथे इमारत अकाली म्हातारी होते, हा त्या सर्व दुर्घटनांचा खरा अर्थ आहे.

या जीर्ण इमारतींना पुढे ज्या पुनर्विकासाने तारले, त्याचे गणित समजून घेतले पाहिजे. चार हजार चौरस मीटरच्या भूखंडावर चाळीस कुटुंबांची चार मजली सोसायटी आहे असे धरा. प्रत्येक कुटुंबाच्या वाट्यास शंभर चौरस मीटर जमीन येते. विकासक येतो, वाढीव चटईक्षेत्र मिळवतो, त्या जागी चाळीस मजले चढवतो, जुन्या सभासदांस नवी घरे विनामूल्य देतो आणि उरलेल्या सदनिका विकून आपला खर्च व नफा वसूल करतो. मोफत मिळालेल्या घराची किंमत अशा रीतीने आकाशाच्या विक्रीतून दिली जाते. आता त्याच भूखंडावर तीनशे कुटुंबे आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याची जमीन तेरा चौरस मीटरांवर आली आहे. पन्नास वर्षांनी हा मनोरा जीर्ण होईल, तेव्हा कोणता विकासक या तीनशे कुटुंबांना नवी घरे फुकट देऊन वर विकावयास आणखी तीनशे बांधील? आणि समजा, चटईक्षेत्र पुन्हा दुप्पट करण्याचा हुकूम निघाला, तरी तेवढे पाणी, तेवढे रस्ते आणि तेवढी मोकळी हवा त्या हुकुमाने निर्माण होणार नाही. जे आकाश विकावयाचे होते ते आपण एकदा विकून बसलो आहोत. म्हणून मनोऱ्यापुढे उरतो तो एकच मार्ग, आणि तो म्हणजे राहणाऱ्यांनी स्वतःच्या पैशाने, पहिल्या दिवसापासून, अखंडपणे करावयाची देखभाल.

ही देखभाल म्हणजे पाच-सहा वर्षांनी दिवाळीपूर्वी लावावयाचा रंग, अशी आपली समजूत झाली आहे. पण इमारतीचा ऱ्हास रंगाच्या आत चालतो. ताज्या काँक्रीटमध्ये अल्कधर्मी गुण असतो आणि त्यामुळे आतल्या सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपून तो गुण क्षीण करतो, आणि समुद्रावरून येणारा खारा वारा क्लोराइड आणून तो थर भेदतो. मग सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि भोवतालच्या काँक्रीटला आतून फोडतो. तळघरातील वाहनतळात उभे राहून वर पाहिले, तर तुळईच्या खालच्या कडेने दोऱ्याएवढी बारीक तपकिरी रेघ प्रथम दिसते. काही काळाने तेथे हातोडीने हलके ठोकले असता पोकळ आवाज येतो. आणि एखाद्या पावसाळ्यात पापुद्र्याचा वीतभर तुकडा खाली पडून उघडी, लालसर, अर्धी झिजलेली सळई दिसू लागते. रेघ दिसते तेव्हाच उपचार केला तर खर्च थोडक्यात आटोपतो. सळई उघडी पडल्यावर तोच खर्च अनेक पटींनी वाढतो.

शिवाय मनोरा हे इमारतीपेक्षा यंत्राच्या अधिक जवळ जाणारे बांधकाम आहे. चार मजली इमारतीत पंप बंद पडला तर बादलीने पाणी नेता येते आणि लिफ्ट मुळातच नसते. तिसाव्या मजल्यावरील वृद्ध दांपत्यास लिफ्ट बंद पडणे म्हणजे नजरकैद. लिफ्ट वीस-पंचवीस वर्षांत बदलावी लागते, गच्चीचे वॉटरप्रूफिंग त्याहून पुष्कळ आधी जाते, काचांच्या दर्शनी भागातील सांधे सुटू लागतात, आणि डक्टमधून उतरणारे मलवाहिन्यांचे उभे नळ एका घरात गळू लागले की खालच्या दहा घरांच्या भिंतींना ओल येते. चार मजल्यांची दुरुस्ती बांबूच्या परांचीवरून होते. चाळिसाव्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीसाठी लोंबते झुले, दोर आणि विशेष शिकवलेले कामगार लागतात. आगीचे तर विचारूच नये: मुंबई अग्निशमन दलाची सर्वांत उंच शिडी सुमारे 90 मीटरपर्यंत पोहोचते, त्यावरच्या घरांचे रक्षण इमारतीतलेच पंप, नळ आणि धूर-सूचक यंत्रे करणार. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, ही यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र देण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. पण जिन्याखाली धूळ खात पडलेला पंप कागदावरील प्रमाणपत्राने सुरू होत नाही.

या सर्वांसाठी पैशाची तरतूद काय आहे? गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सिंकिंग फंडासाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान 0.25 टक्के आणि दुरुस्ती-देखभालीसाठी किमान 0.75 टक्के रक्कम गोळा करावयाची असते. बांधकाम खर्च तीस लाख रुपये धरला, तर सिंकिंग फंडाचे दरमहा सव्वासहाशे रुपये होतात आणि चाळीस वर्षांत मुद्दल जमते तीन लाख, म्हणजे मूळ खर्चाचा दहावा हिस्सा. व्याजाची भर पडली, तरी त्याच काळात बांधकामाचे दर कोठे गेलेले असतील, याची कल्पना कोणत्याही गृहस्थास करता येईल. दुरुस्ती निधीची टक्केवारी अधिक आहे हे मान्य केले, तरी तीही मूळ खर्चावर बांधलेली, आणि पुष्कळदा रंगरंगोटीत संपणारी. स्ट्रक्चरल ऑडिटची तरतूदही उपविधींत आहे: पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीसाठी दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी. पण अहवाल आला, सभेपुढे ठेवला आणि कपाटात गेला, तर त्याची अंमलबजावणी करविणारे कोणी नाही. विकासकाची संरचनात्मक दोषांची जबाबदारी रेरा कायद्याखाली ताब्यानंतर पाच वर्षांत संपते. मनोऱ्याचे खरे आजार त्यानंतर सुरू होतात.

सर्वसाधारण सभेत मासिक वर्गणी वाढविण्याचा ठराव आला की काय घडते, हे सोसायटीत राहणाऱ्या कोणासही सांगावयास नको. निवृत्तिवेतनावर जगणारे म्हणतात, आम्हाला झेपणार नाही. चार वर्षांत घर विकण्याचा विचार असलेला म्हणतो, घाई कशाला. गुंतवणूक म्हणून चार सदनिका घेतलेला सभेस येतच नाही. सचिव व खजिनदार शेजाऱ्यांचा रोष नको म्हणून विषय पुढच्या वर्षावर ढकलतात. यांपैकी कोणी दुष्ट नाही. पण आज पैसे देणारा एक आणि तीस वर्षांनी त्याचा लाभ घेणारा दुसरा असल्यामुळे, प्रत्येकाच्या शहाणपणाची बेरीज सामुदायिक बेफिकिरीत होते. ज्या रोगाने चाळी पोखरल्या, तोच रोग येथे मालकांच्या सभेत नव्या रूपाने अवतरतो.

याची परिणती अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात जगाने पाहिली. सर्फसाइड येथील बारा मजली चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही समुद्रकाठची इमारत 1981 ची. वॉटरप्रूफिंग निकामी होऊन तरणतलावाच्या भोवतालच्या स्लॅबला मोठी इजा झाल्याचे अभियंत्याने 2018 मध्ये लेखी कळविले होते. पुढची तीन वर्षे सदस्यांत वाद झाले, समितीतील लोकांनी राजीनामे दिले, आणि अखेर सुमारे दीड कोटी डॉलरची वर्गणी मंजूर होऊन पहिला हप्ता 1 जुलै 2021 रोजी भरावयाचे ठरले. 24 जूनच्या पहाटे इमारत कोसळली. 98 माणसे मेली. त्यानंतर फ्लोरिडाने तीस वर्षांनी सक्तीची तपासणी आणि टाळता न येणारा दुरुस्ती निधी असा कायदा केला. परंतु इतक्या उशिरा एकदम मागितलेली रक्कम अनेक वृद्धांना पेलेनाशी झाली. हाँगकाँगमध्ये तर नोव्हेंबर 2025 मध्ये 1983 च्या वांग फुक कोर्ट या वसाहतीत, सक्तीची दुरुस्ती चालू असतानाच, परांचीवरील जाळ्यांमुळे व खिडक्यांवर लावलेल्या फोममुळे आग पसरली आणि दीडशेहून अधिक जीव गेले. उंच आणि जुन्या इमारतीत दुरुस्ती हेही धोक्याचे काम आहे आणि ते स्वस्तात उरकण्याचे नाही, हा त्याचा धडा आहे.

माझ्या मनाला सर्वांत अधिक चिंता वाटते ती पुनर्वसनाच्या मनोऱ्यांची. बीडीडी चाळींतील 160 चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबांस 500 चौरस फुटांचे हक्काचे घर मिळणे हा उशिरा झालेला न्याय आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु तळमजला अधिक तीन मजल्यांच्या त्या चाळींना लिफ्ट नव्हती, दाबाचे पंप नव्हते, आणि सरकारी भाडे नाममात्र होते. चाळीस मजली इमारतीचा खर्च मात्र राहणाऱ्याच्या उत्पन्नाकडे पाहून कमी होत नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या कित्येक इमारतींत लिफ्ट बंद आणि डक्ट कचऱ्याने भरलेले दिसतात, ते रहिवाशांच्या गबाळेपणामुळे नव्हे. खर्च उंच इमारतीचा आणि मिळकत रोजंदारीची, ही विसंगती आपण धोरणानेच निर्माण केली आहे. अशा मनोऱ्यांसाठी, त्यांतून विकल्या जाणाऱ्या महागड्या सदनिकांच्या उत्पन्नातून, केवळ व्याज खर्च करता येईल असा पुरेसा कायम निधी उभारणे हे सरकारचे कर्तव्य आहे. ते न केल्यास आपण आडव्या झोपडपट्टीची जागा उभ्या झोपडपट्टीस देऊ.

मग करावयाचे काय? जपानमधील बहुमजली वसाहतींत दीर्घकालीन दुरुस्ती आराखडा असतो, प्रत्येक घरमालक दरमहा वेगळ्या राखीव निधीत रक्कम भरतो, आणि साधारणतः दर बारा ते पंधरा वर्षांनी संपूर्ण इमारतीची मोठी दुरुस्ती होते. आपल्याकडेही भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी विकासकाकडून असा आराखडा घ्यावा: कोणता भाग किती वर्षे टिकेल, तो केव्हा बदलावा लागेल, त्यास आजच्या दराने किती खर्च येईल. निधीची टक्केवारी मूळ खर्चावर न ठेवता चालू बांधकाम दरावर ठेवावी आणि दर पाच वर्षांनी तिची फेरआकारणी व्हावी. निधीचा पहिला भरणा विकासकाने विक्रीच्या रकमेतून करावा. जमिनीला जसा सातबारा असतो, तसा प्रत्येक उंच इमारतीचा एक सार्वजनिक उतारा असावा. त्यात नकाशे, ऑडिटचे निष्कर्ष, झालेली व राहिलेली दुरुस्ती आणि निधीतील शिल्लक यांची नोंद असावी, आणि तो जोडल्याशिवाय सदनिकेच्या विक्रीचा दस्त नोंदला जाऊ नये. ग्राहक एकदा शिल्लक निधी पाहून भाव ठरवू लागला, की वर्गणी वाढविण्यास विरोध करणाऱ्यासही तीत आपला फायदा दिसू लागेल. आणि ज्या मनोऱ्याची दुरुस्ती अशक्य ठरेल, तो रिकामा कसा करावयाचा, उतरविण्याचा खर्च कोणी सोसावयाचा आणि रहिवाशांचे हिशेब कसे मिटवावयाचे, याविषयीही स्पष्ट कायदा हवा.

ताडदेवचे इम्पीरिअल मनोरे 2010 मध्ये पूर्ण झाले. त्यांच्या पिढीतील मुंबईचे उंच मनोरे 2040 च्या सुमारास तीस वर्षांचे होतील. पंधरा वर्षांची ही मुदत निधी उभारण्यास पुरेशी आहे, पण वाया घालविण्याइतकी मोठी नाही. आज दरमहा दोन हजार रुपये अधिक मागितले तर ते जड वाटतील. 2045 मध्ये एकरकमी वीस लाख मागितले जातील, तेव्हा ते अनेकांना अशक्य होतील, आणि मागणारी समिती व देणारे सभासद दोघेही त्या वेळी सत्तरी ओलांडलेले असतील. सरकारने आदर्श उपविधींत निधीच्या टक्केवारीची ही सुधारणा याच वर्षी करावी; आणि सरकार करीपर्यंत थांबण्याचे सोसायट्यांस काहीच कारण नाही, कारण उपविधींनी किमान रक्कम ठरविली आहे, त्याहून अधिक जमा करण्यास कोणाचीही मनाई नाही. येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मांडणारा सभासद आपल्या शेजाऱ्यांस अप्रिय होईल, तरी त्याने तो मांडावा.